संस्थेची गोष्ट आणि किराणा दुकानातली उधारी

गणपतीच्या दिवसांत 'लोकसत्ता' उघडला की एक लेखनप्रकार हमखास भेटतो. 'सर्वकार्येषु सर्वदा' या उपक्रमात रोज एका संस्थेची ओळख छापून येते, मदतीचं आवाहन असतं, आणि महाराष्ट्रभरातले वाचक धनादेश पाठवतात. दहा वर्षांहून जास्त काळ हे चाललंय. मी हे लेख इथे राणीसावरगावात, मोबाइलवर, बहुतेक रात्रीच वाचतो. वाचताना डोळे भरून येतात, हे आधीच कबूल करून टाकतो. या लेखनाची टिंगल करायला मी बसलेलो नाही. पण अलीकडे ते वाचताना एक साधा प्रश्न टोचत राहतो: या गोष्टीत किराणा दुकानदार कुठे आहे?

म्हणजे असं. एक माळरान असतं. एक तरुण नोकरी सोडून तिथे येतो. लोक हसतात. पहिल्या वर्षी दहा-बारा मुलं, पत्र्याची शेड, गळणारं छप्पर. मग कुणी देवमाणूस भेटतो. आज दोनशे मुलं, पक्की इमारत, एक मुलगी नर्स झालेली, एक मुलगा पोलिसात लागलेला. शेवटी गरजांची यादी: वसतिगृहाचा दुसरा मजला, सौर पॅनेल, एक गाडी. हा साचा केवळ एका वर्तमानपत्राचा नाही. दिवाळी अंकात तो आहे, यूट्यूबवर आहे, क्राउडफंडिंगच्या पानावर आहे, आता तीस सेकंदांच्या रीलमध्येही आहे.

आणि दोनशे मुलं रोज दोन वेळा जेवतात. ज्वारी, तांदूळ, डाळ, तेल, मीठ. हे कुणाच्या उधारीवर चालतं, ती किती महिने थकली की दुकानदाराचा सूर बदलतो, त्या महिन्यात कोणत्या स्वयंपाकीण मावशींचा पगार मागे ढकलला गेला, याबद्दल ओळभर नसते. मंदी येते तेव्हा संस्था मोडते ती याच ठिकाणी. इमारत मोडत नाही. इमारत उभीच राहते, कुलूप लावून.

हा साचा वाईट हेतूनं तयार झालेला नाही, उलट त्याची कमाई मोठी आहे. अनिल अवचटांनी 'गर्द' लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे हलले, त्यांच्या प्रतिष्ठाननं एक लाख रुपये देऊ केले आणि त्यातून 1986 साली पुण्यात 'मुक्तांगण' उभं राहिलं. लेख छापला आणि संस्था जन्मली, असं इतक्या थेट फार थोड्या भाषांत घडलं असेल. पुढे अवचटांच्या 'कार्यरत'नं कार्यकर्त्यांची व्यक्तिचित्रं लिहायची एक रीतच घालून दिली. छोटी वाक्यं, अंगावर न येणारा सूर, कार्यकर्त्याबरोबर घालवलेला वेळ. पण अवचटांची ताकद तपशिलात होती, आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी घेतली ती मुख्यतः भक्ती. 'प्रकाशवाटा' 2009 साली आलं, घराघरांत गेलं. डॉ. प्रकाश आमटे यांचा सूर इतका साधा आहे की स्वतःकडे नायकपण घ्यायला ते तयारच नसतात. तरी 2014 साली त्यांच्यावर चित्रपट निघाला तेव्हा त्याच्या नावातच 'द रियल हीरो' होतं. पुस्तकाला नको असलेला नायक बाजारानं असा परत आणला.

हेमलकसाचंच उदाहरण घेऊ. लोकबिरादरी प्रकल्प 1973 साली भामरागडच्या जंगलात, माडिया गोंडांमध्ये सुरू झाला. तिथला पहिला छोटा दवाखाना उभा राहिला तो स्विसएड या स्वित्झर्लंडच्या संस्थेच्या पैशातून. ही गोष्ट कुणी लपवलेली नाही. पण आपण प्रकल्पाची गोष्ट सांगतो तेव्हा नदी, अंधार, वाघ-बिबटे आणि शस्त्रक्रिया सांगतो. झुरिक किंवा बर्न आपल्या गोष्टीत बसत नाही. मग परदेशातून पैसा येणं कधी अवघड झालं तर त्याचा माडिया पोराच्या मलेरियाशी काय संबंध, हे वाचकाला कळायला मार्गच उरत नाही.

याच्या उलट एक मराठी परंपरा आहे, जिला पैशाची अचूक नजर आहे. ती ज्यांच्यासाठी संस्था निघतात त्यांनी स्वतः लिहिली आहे. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (1980), दादासाहेब मोरे यांचं 'गबाळ' (1983), लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' आणि भीमराव गस्ती यांचं 'बेरड' (दोन्ही 1987). ही पुस्तकं आपण जातीच्या, अपमानाच्या, भाषेच्या अंगानं वाचत आलो, आणि ते योग्यच होतं. मला ती आता जमाखर्चाच्या वह्यांसारखी वाचावीशी वाटतात.

'गबाळ' कुडमुडे जोशांचं आहे. पहाटे दारोदार जाऊन भविष्य सांगायचं आणि मिळेल ते झोळीत घ्यायचं, हा पोटाचा धंदा. म्हणजे हा अख्खा समाज गावाच्या दानावर चालणारा. शेतकऱ्याची बाई सुपातून दोन पसे जोंधळे घालते तेव्हा ती कुठल्या संस्थेला देणगी देत नसते, पण अर्थव्यवहार तोच आहे. गावात सुगी झाली तर झोळी जड. पाऊस गेला, कणगी रिकामी राहिली, की पहिला हात आखडतो तो दारातल्या माणसासाठी. गावातली मंदी भटक्यांना गावाच्या आधी कळते. कैकाड्यांच्या टोपल्यांचंही तसंच. शेतात माल नसेल तर टोपली कोण घेणार? या समाजांचं उत्पन्न दुसऱ्याच्या सुगीला बांधलेलं होतं, आणि त्यांनी लिहिलेल्या पुस्तकांत भूक कधीच अमूर्त येत नाही. ती भाकरीच्या संख्येत येते.

'उचल्या'मध्ये तर गायकवाड लातूरच्या सूतगिरणीत कामगार होतात, संघटनेत पडतात. जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या समाजातल्या माणसाला महिन्याचा पगार म्हणजे काय, आणि तो जाणं म्हणजे काय, हे तिथे दिसतं. (इकडे 'उचल' शब्दाला दुसराच अर्थ आहे. मुकादमाकडून ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेले पैसे म्हणजे उचल. गंगाखेड तालुक्यातल्या तांड्यावर तुम्ही 'उचल्या' म्हणालात तर पोरांच्या डोक्यात आधी मुकादम येईल.)

तर एका बाजूला संस्थेची गोष्ट आहे, जिच्यात पैसा नाही. दुसऱ्या बाजूला समाजाची गोष्ट आहे, जिच्यात पै-पैचा हिशेब आहे. मधला दुवा, म्हणजे संस्थेकडे येणारा पैसा आटतो तेव्हा त्या समाजाच्या पोरांचं काय होतं, हे पुस्तक मराठीत कुणी लिहिलेलं मला सापडलेलं नाही. 'बेरड' त्याच्या सर्वांत जवळ जातं, कारण गस्ती नुसते लेखक नव्हते. बेळगावच्या सीमाभागात त्यांनी बेरडांसाठी आणि देवदासींसाठी काम उभं केलं. आत्मचरित्र लिहिणारा आणि संस्था चालवणारा माणूस एकच असल्यावर डोळा वेगळा होतो.

हा दुवा इतका महत्त्वाचा का, यासाठी 2020 कडे परत जायला हवं. त्या वर्षाची आपली आठवण म्हणजे थाळ्या, मास्क, चालत निघालेले मजूर. पण संस्थांच्या पैशाचं काय झालं ते सलग पाहा.

24 मार्चच्या रात्री टाळेबंदी लागली. 28 मार्चला पीएम केअर्स निधी जाहीर झाला, आणि कंपन्यांनी त्याला दिलेला पैसा सामाजिक दायित्वाच्या खर्चात, म्हणजे सीएसआरमध्ये, धरला जाईल असं केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं त्याच दिवशी कळवलं. इथे सीएसआरचं गणित माहीत असायला हवं. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारापुढच्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम अशा कामावर खर्च करायची. तीन वर्षांची सरासरी असल्यामुळे धक्क्याच्या वर्षी हा पैसा एकदम आटत नाही, आधीच्या बऱ्या वर्षांच्या जोरावर तो टिकतो. म्हणजे 2020 मध्ये संस्थांना आधार देऊ शकेल असा हा एक पैसा होता. त्याला एका सहीनं निघून जाण्यासाठी दुसरी, सोपी आणि प्रतिष्ठेची वाट मिळाली. आणि त्या वर्षीचा तोटा पुढच्या तीन वर्षांच्या सरासरीत उतरायचा तो उतरतोच. मंदी संपल्याच्या बातम्या येतात तेव्हा संस्थेकडे तिचा दुसरा हप्ता पोचतो.

4 मे 2020 रोजी राज्याच्या वित्त विभागानं निर्णय काढला: बहुतेक योजनांना त्या वर्षीच्या तरतुदीच्या 33 टक्केच निधी मिळेल. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं सकल उत्पादन पहिल्या अंदाजानुसार 23.9 टक्क्यांनी आकसलं. आणि सप्टेंबरमध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. परदेशातून पैसा घेणाऱ्या संस्थेनं तो दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली, आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. दुर्गम तालुक्यातल्या, पाच-सात कार्यकर्त्यांच्या संस्थेकडे परदेशी देणगीचा परवाना सहसा नसतोच. तिच्यापर्यंत तो पैसा येणार तो पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेमार्फत. तो पाट तिथेच बुजला. शिवाय 'कार्यालयीन खर्च' हा शब्द ऐकायला एसी आणि गाडी वाटतो, पण वस्तीवर फिरणाऱ्या कार्यकर्तीचं मानधन कशात धरायचं हा वाद छोट्या संस्थेच्या जिवाशी येतो.

सहा महिन्यांत चारही वाटा अरुंद झाल्या. चौथी म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांची: पगार कापला गेलेल्या माणसाची महिन्याची पाचशेची देणगी.

आता यात पारधी, कैकाडी, बंजारा, माडिया यांच्यासाठीच्या संस्थांचं वेगळं काय? 'अल्पसंख्याक' शब्द आपल्याकडे धर्माला बांधलेला आहे, पण संख्येनं थोडे, ओळखीनं वेगळे आणि सत्तेपासून लांब असलेले हे समाजही त्याच अवस्थेत आहेत. त्यांच्या संस्थांना मंदी जास्त लागते, आणि त्याची कारणं भावनिक नाहीत.

एक तर भूगोल. सीएसआरच्या कायद्यात कंपनीनं आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं असं आहे. चाकणला परिसर आहे, तळोजाला आहे. बालाघाटच्या डोंगररांगेतला तांडा कुठल्या कंपनीचा परिसर? दुसरं, रकाना. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. बंजारा आपल्याकडे विमुक्त जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती. परभणी जिल्हा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता; रेषा ओढली गेली आणि एकाच बोलीत बोलणारे तांडे वेगवेगळ्या रकान्यांत गेले. पारधी अनुसूचित जमातीत, त्यामुळे त्यांचा कारभार आदिवासी विकास विभागाकडे. भटक्या-विमुक्तांच्या आश्रमशाळांचा दुसऱ्याच विभागाकडे. एकाच माळावर शेजारी झोपणाऱ्या दोन पोरांसाठी संस्थेला दोन दारं ठोठावी लागतात. सुबत्तेत हे नुसतं त्रासाचं असतं. तुटवड्यात प्रत्येक दार 'तुमचं प्रकरण तिकडचं' म्हणतं.

तिसरं कारण बोलायला अवघड आहे. दात्याच्या मनात गरिबीची एक आवडती प्रतिमा असते: अनाथ, गोंडस, कृतज्ञ. पारध्याचं पोर त्या प्रतिमेत चटकन बसत नाही. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली गेला, पण चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारधी वस्तीवर जाते हे आपण अजून बातम्यांत वाचतो. पैसा मुबलक असतो तेव्हा दाता या पोरालाही देतो. हात आखडला की निवड सुरू होते.

परदेशातही हीच रांग दिसते. ब्रिटनमध्ये एप्रिल 2020 मध्ये युबेले इनिशिएटिव्ह या संस्थेनं कृष्णवर्णीय आणि आशियाई समाजांच्या छोट्या संस्थांची पाहणी केली. तीन महिने असंच चाललं तर दहातल्या नऊ छोट्या संस्था बंद पडतील, असा तिचा निष्कर्ष होता. कारण ओळखीचं होतं: गाठीशी राखीव पैसा नाही. ज्यांना सुबत्तेतही थोडं मिळतं त्यांनी शिल्लक टाकायची कशातून?

याच वेळी गरज वाढते, हे तर आणखी. 2020 च्या मार्चमध्ये लाखाहून जास्त ऊसतोड मजूर कारखान्यांच्या आवारात अडकले होते. त्यांना गावी परतायची परवानगी मिळाली एप्रिलच्या मध्यानंतर. आमच्या भागातले टेम्पो दसरा-दिवाळीच्या सुमाराला भरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरांना मागे ठेवायला आजी असेल तर बरं, नाहीतर वसतिगृह, नाहीतर पोरंही फडात. पाऊस गेला, ऊस कमी झाला, कारखान्याचा हंगाम लवकर आटोपला, तर उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षीही जावंच लागतं. म्हणजे मंदीत वसतिगृहाच्या दारात पोरं वाढतात आणि वसतिगृहाच्या डब्यात पीठ कमी होतं, एकाच महिन्यात. बीड जिल्ह्यात आर्वीला दीपक नागरगोजे यांचं 'शांतीवन' 2000 सालापासून याच पोरांसाठी उभं आहे. त्यावर आलेले लेख मी वाचले आहेत, चांगले आहेत. पण दुष्काळी वर्षी तिथला पोरांचा आकडा आणि देणगीचा आकडा शेजारी-शेजारी ठेवून कुणी लिहिलं तर तो लेख मराठवाड्याचा खरा अर्थसंकल्प होईल.

दोन संस्था शेजारी ठेवून पाहाव्यात अशा आहेत. तुळजापूर तालुक्यातली यमगरवाडी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात उभी राहिली. पारधी आणि इतर भटक्या मुलांची शाळा-वसतिगृह. तिच्यामागचे गिरीश प्रभुणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. 'पारधी' हे त्यांचं पुस्तकही आहे. हे काम संघपरिवारातून वाढलं. त्या विचाराशी माझं जमत नाही, पण समीक्षा करायची तर हे बघावं लागतं की ज्या संस्थेच्या पाठीशी शहराशहरांत पसरलेली संघटना असते, तिच्या पैशाला अनेक छोटी मुळं असतात. एक सुकलं तर दुसरं तगतं. दुसरी संस्था अमरावती जिल्ह्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याची 'प्रश्नचिन्ह' आश्रमशाळा. ती मतीन भोसले यांनी काढली, जे स्वतः फासेपारधी आहेत, शिक्षकाची नोकरी सोडून आलेले. समाजातलाच माणूस, समाजाचीच पोरं, पाठीशी कुठलीही जुनी संघटना नाही. समृद्धी महामार्गाच्या जागेत या शाळेचाही भाग गेला. राज्याच्या भरभराटीचा रस्ता नेमका तिथून. एखाद्या कादंबरीकारानं हे रचलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतीच झालं.

'प्रश्नचिन्ह'वर लिहिणारे बहुतेक जण नावापाशी थांबतात, कारण नाव भन्नाट आहे. खरा प्रश्न असा की बाहेरून आलेल्या सेवाभावी माणसाची संस्था आणि आतून उभ्या राहिलेल्या माणसाची संस्था, यांना देणगी मिळण्यात फरक पडतो का, आणि मंदीत तो फरक किती रुंदावतो. संस्था-परिचयाच्या साच्यात हा प्रश्न मावतच नाही. तिथे त्याग करणारा नायक लागतो. ज्यानं नोकरी सोडली पण घर सोडलं नाही, कारण वस्ती हेच त्याचं घर, त्याचा त्याग साच्याला नीट मोजता येत नाही.

आमच्या गावात रेणुकेचं नवरात्र असतं, सप्ताह असतात. दुष्काळाच्या वर्षी पंगतीतली बुंदी जाते, सप्ताह जात नाही. कारण वर्गणी घरटी असते, हिशेब चारचौघांत वाचला जातो, आणि किराणा देणारा दुकानदार स्वतः पंगतीला बसलेला असतो. मला भाबडेपणा करायचा नाही. त्याच पंगतीत तांड्यावरचा माणूस कुठे बसतो हा प्रश्न आहेच, आणि गावाची वर्गणी पारध्याच्या पोराच्या वसतिगृहाकडे आपोआप वळणार नाही. तरी हिशेब वाचण्याची ती पाच मिनिटं मला साहित्यप्रकार म्हणून महत्त्वाची वाटतात. तेल किती डबे, कुणाकडून, उधार किती, गेल्या वर्षीची बाकी किती. ऐकणारे कंटाळत नाहीत, उलट कान टवकारतात.

येत्या गणपतीत 'सर्वकार्येषु सर्वदा'चे लेख मी पुन्हा वाचेन, जमेल तेवढे पैसेही पाठवेन. या वेळी मात्र 2020 मध्ये आणि 2021 मध्ये ज्या संस्थांची ओळख छापली होती, त्यातल्या भटक्या-विमुक्तांच्या आणि आदिवासींच्या संस्थांची नावं काढून वहीत लिहिणार आहे. त्यांतल्या एकेका संस्थेला फोन करायचा. आज मुलं किती, शिक्षक किती, किराणा कुणाकडून येतो, आणि त्याची बाकी किती आहे.